उन्हात मिटलेला डोळा

"बघा, कुठंय तिरळी?" आजींनी हारिनची हनुवटी धरून तिचं तोंड डॉक्टर ब्यन यांच्याकडे वळवलं. चार वर्षांच्या पोरीचे दोन्ही डोळे अगदी सरळ होते. "दोन डॉक्टरांनी सांगून झालं, काही नाही म्हणून. पण आमच्या सूनबाई शिकलेल्या!"

हारिनच्या आईने, मिरेने, पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली. 'अंगणात मिरच्या वाळत घालताना, ऊन : उजवा मिटला. झोपेतून उठल्यावर, खिडकीबाहेर बघताना : उजवा बाहेर सरकला. हाक मारताच जागेवर.' अशी अकरा पानं.

"उन्हात डोळा मिटते?" डॉक्टरांनी विचारलं.

"मिटते कसली, मिचकावते!" आजी हसल्या. "पाहुण्यांना डोळा मारला की मी तिला याक्ग्वा देते, मधात घोळवलेली. गल्लीभर लाडकी आहे पोर."

"आधी खाऊ दिलात, की आधी तिने डोळा मिटला?"

"आधी... तीच मिटायची."

डॉक्टरांनी हारिनला समोरच्या भिंतीवरचा वाघ बघायला सांगितलं आणि तिच्या उजव्या डोळ्यापुढे काळी पट्टी धरली. लगेच काढली नाही. बऱ्याच वेळाने पट्टी हटली, तेव्हा तो डोळा कानाकडे वळलेला होता. मग हळूच सरकत जागेवर आला.

"पुन्हा करा," आजी म्हणाल्या.

डॉक्टरांनी पुन्हा केलं. आजी खुर्चीवर बसल्या.

मग हारिनला काळा चष्मा घातला, पुढ्यात माशीचं चित्र ठेवलं; दोन्ही डोळ्यांनी मिळून पाहिलं तरच ती माशी कागदावरून वर उठून दिसते. "धर बघू पंख." हारिनची चिमूट कागदाच्या वर, हवेतच मिटली. "ईऽ!"

"तिरळेपणा अधूनमधूनच येतो, उन्हात डोळा मिटते ती त्यामुळेच. पण दोन्ही डोळे अजून मिळून बघतायत," डॉक्टर मिरेला म्हणाले. "तेच वाचवायचंय. वेळेत आणलंत. ही पानं फाइलला लावू का?"

मिरेने वहीतली पानं सोडवून पुढे सरकवली.

बाहेर लख्ख ऊन होतं. हारिनने सवयीने उजवा डोळा मिटला आणि आजीपुढे हात पसरला. आजींनी आपली छत्री उघडून तिच्यावर धरली. दोन्ही डोळे उघडेपर्यंत थांबल्या, मगच याक्ग्वा दिली.

बसथांब्यावर एक अनोळखी बाई उभी होती. आजींनी तिला कोपराने हलवलं.

"ही आमची सून," त्या म्हणाल्या. "दोन डॉक्टरांना दिसलं नाही, ते हिला दिसलं."