न्हाव्याचा उजवा हात

मोटारसायकलवरून पडल्यापासून न्हाव्याचा उजवा हात खांद्यातून वर जात नव्हता. "मानेतून खांद्याकडे येणाऱ्या नसा तुटल्यात," डॉक्टर म्हणाले होते. "बोटं चालतील, हात उचलणार नाही."

गाडी मेहुणा चालवत होता. त्याला साधं खरचटलंही नव्हतं.

हातावर हात ठेवून बसणाऱ्यातला न्हावी नव्हता. तो डाव्या हाताने दाढी करायला शिकला, आणि पहिलं गिऱ्हाईक म्हणून मेहुणाच खुर्चीत बसला. तेव्हापासून तो न चुकता येई.

आजही न्हाव्याने त्याच्या गळ्याला फेस लावला आणि वस्तऱ्यात नवं पातं घालायला तो फळीकडे वळला. मेहुणा डोळे मिटून पडला होता.

"दाजी, उजवा हात चालायला लागला की! आम्हाला सांगितलंही नाही?"

"कोण म्हणतं?"

"पडण्याआधी इतकी वर्षं याच हाताखाली गळा दिलाय. ओळखणार नाही होय?"

न्हाव्याने आरशात पाहिलं. वस्तरा त्याच्या डाव्या हातात होता. उजवा हात नेहमीसारखा लोंबत होता. फक्त बोटं काहीतरी धरल्यासारखी मिटून सावकाश हलत होती. आणि मेहुण्याच्या गळ्यावरच्या फेसात खालून वर एक स्वच्छ पट्टा उमटत चालला होता.

त्याने बोटं उघडायचा प्रयत्न केला. ती आणखी घट्ट मिटली.

"जरा हळू, दाजी," मेहुणा म्हणाला.