वळूची पारख

उत्तरेश्वर पाटलांनी आपल्या गाईसाठी सात गावचे वळू पाहिले. एकाच्या आईचं दूध विचारलं, दुसऱ्याच्या आज्याचं वशिंड. शेवटी मुरुमच्या बाबामियाँचा देवणी जातीचा वळू पसंत पडला आणि गाय तिथवर चालवत नेली. पुढं झालेली कालवड तिसऱ्या वर्षी जनावरांच्या प्रदर्शनात पहिली आली. फेटा बांधून घेत पाटील माइकवर म्हणाले, "हिचे कान बघा. बाबामियाँच्या वळूचेच! बाप निवडायला नजर लागती."

घरी येताच पहिलं काम काय केलं, तर गावात मोकाट हिंडणारा वळू धरून आणवला आणि त्याला खच्ची करायला माणूस बोलावला. असलं बेवारशी जनावर जात नासवतं म्हणे!

दाव्यांनी बांधून वळू आडवा पाडला, तेव्हा गुरं राखणाऱ्या कडूबाईला राहवलं नाही.

"पाटील, एक बोलू का? मुरुमहून आल्यावर तीन आठवड्यांनी गाय परत माजावर आली हुती, म्हंजे तिथं गाभण ऱ्हायलीच नव्हती. तुमी कोर्टाच्या कामाला धाराशिवला गेलता. गायरानात ह्योच लागला तिला. कालवड ह्येची हाय."

पाटलांनी कालवडीच्या गळ्यातला पहिल्या नंबरचा बिल्ला पाहिला. मग खाली पडलेल्या वळूचे कान पाहिले. बराच वेळ पाहिले.

"बघत काय बसलास?" ते त्या माणसावर खेकसले. "उरक लवकर!"