वॉरंटीत बसत नाही

"पुन्हा सांग," गाडीचा मालक म्हणाला आणि त्याने मास्तरांचा टाय मुठीत आवळला.

"वॉरंटीत बसत नाही, साहेब," मास्तरांनी पुन्हा सांगितलं.

मास्तर म्हणजे सर्व्हिस सेंटरमधले अ‍ॅडव्हायजर. बावीस वर्षं गिऱ्हाइकांना बिघाड समजावता समजावता हे नाव चिकटलं होतं. समोर लिफ्टवर मालकाची काळी, अवाढव्य गाडी लटकत होती. तिच्या चाकांवर स्प्रिंगऐवजी हवेच्या रबरी पिशव्या होत्या. पुढची डावी फुटली आणि एवढी महागडी गाडी आठवडाभर एका कुशीवर कलंडून दारात बसली.

"अजून अकरा दिवसांची वॉरंटी आहे."

"आहे ना. पण रबर दगडाने फाटलंय. तो बाहेरचा मार झाला. कंपनी त्याला जबाबदार नाही."

पहिली थप्पड तेव्हा बसली. चष्मा उडून तेलाच्या ट्रेत पडला. दोन मेकॅनिक हातातलं टाकून धावले. मास्तरांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"तुम्ही तुमचं काम करा. साहेबांशी मी बोलतोय."

बोलण्यात त्यांनी घाई अशी केलीच नाही. एकेक पिशवी दाखवली. करारातली कलमं वाचली, समजावली, मग परत पहिल्यापासून. अर्धा तास गेला. मालकाच्या कपाळावरची शीर तटतटून फुगली.

"तुझ्यापुढे डोकं फोडण्यात अर्थ नाही," तो शेवटी म्हणाला. "बायको वर बसलीय. तिला घेतो आणि तुझ्या वरच्या साहेबाच्या घरीच जातो." बायकोचा फोन नेहमीप्रमाणे त्याच्याच खिशात होता. तो जिन्याकडे वळला.

"आणि हवा भरणारा कॉम्प्रेसर जळला तो तुमच्यामुळे," मास्तर मागून म्हणाले. "गाडी चालवायलाही अक्कल लागते, साहेब."

मालक परत फिरला. मास्तरांची मान धरून त्याने तोंड टूलबॉक्सवर आपटलं. एकदा, दोनदा. दात तुटल्याचा आवाज मास्तरांना कवटीच्या आतून ऐकू आला. खाली पडल्यावर लाथा सुरू झाल्या. बरगडी मोडली तेव्हा ओरडायलाही श्वास उरला नव्हता. तरी त्यांनी मालकाच्या पायाला घट्ट मिठी मारली.

"जीव गेला तरी नाहीच म्हणणार का रे?"

"बसत नाही," मास्तर रक्त थुंकून म्हणाले.

मालकाने जॅकचा लोखंडी दांडा उचलला, तेव्हा मात्र मेकॅनिकांनी कुणाचं ऐकलं नाही. चौघांनी मिळून त्याला जमिनीवर दाबून धरलं. तोवर दांडा एकदा मास्तरांच्या हातावर उतरलाच होता. पोलीस आले आणि मालकाला फरफटत घेऊन गेले.

मॅनेजर धापा टाकत आला आणि मास्तरांपाशी बसला.

"अहो, कंपनीची मंजुरी परवाच आली होती. मीच तुमच्या हातात कागद दिला. पिशवी, कॉम्प्रेसर, सगळं वॉरंटीत. मग एवढा मार कशापायी खाल्लात?"

मास्तर त्याच्याकडे बघतच नव्हते. त्यांचं लक्ष जिन्याकडे होतं. वरच्या मजल्यावरची रिसेप्शनिस्ट भरभर पायऱ्या उतरली आणि त्यांच्या कानाशी वाकली.

"वर बसलेल्या बाईंनी मुलीला शाळेतून घेतलं," ती हळूच म्हणाली. "दोघी बसमध्ये बसल्या."