चांगुणाचे पंचावन्न

चांगुणा नळावर पाणी भरायला गेली तेव्हा कानिफनाथनं वही उघडली. बहात्तर सालचा मार्च होता. नवराबायको नगरच्या एकाच कॉलेजात बी.एड. करत होते आणि विद्यापीठाची लेखी परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती.

वर्षभराचे गुण आदल्या दिवशी फळ्यावर लागले होते. अंतिम निकालात, शाळेत जाऊन घेतलेल्या पाठांना चाळीस टक्के, चाचण्यांना वीस आणि लेखीला चाळीस. गणित त्याचाच विषय. त्यानं आधी स्वतःचे मांडले. पाठांत शंभरपैकी अठ्ठावन्न, चाचण्यांत सत्तर. म्हणजे हातात सदतीस आलेच. लेखीला पासष्ट धरले तर एकूण त्रेसष्ट. पहिला वर्ग.

मग चांगुणाचे. पाठांत ऐंशी, चाचण्यांत पासष्ट. हातात पंचेचाळीस. त्याच्या पुढं जायला तिला लेखीत शंभरात सेहेचाळीस पुरे होते.

त्यानं गुणाकार पुन्हा केला. उत्तर तेच आलं.

तिसगावच्या शाळेत एकच जागा होती. दोघांपैकी ज्याचे गुण जास्त त्याला घेऊ, असं चेअरमननी सांगून ठेवलं होतं. चांगुणा लग्न होऊन आली तेव्हा नुसती मॅट्रिक होती. त्यानंच तिला बाहेरून बी.ए. करवलं. फॉर्म भरले, इंग्रजी शिकवलं, त्यापायी आईची बोलणी खाल्ली. बायको शिकवावी तर कानिफनाथनं, असं गावात लोक म्हणत आणि ते ऐकायला त्याला आवडे. पण दिवाळीनंतर एकदा त्याचा पाठ फसला, तेव्हा पर्यवेक्षक सगळ्यांसमोर म्हणाले होते, "मिसेसचा पाठ बघत जा जरा." त्या दिवशी तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता.

चांगुणानं हंडा उतरवला. "काढले का? माझे किती व्हत्यात?"

त्यानं वही मिटली. "पंचावन्न."

"एवढेच? पाठ तर चांगले गेल्ते."

"पाठाचं काय घेऊन बसलीस? सगळं लेखीवर हाय."

"आन तुमचे?"

"त्रेसष्ट."

तिनं ओले हात पदराला पुसले. "मग जागा तुमालाच मिळंल," ती म्हणाली आणि चुलीकडं वळली. त्या दिवशी तो दोन घास जास्त जेवला.

दुसऱ्या दिवसापासून चांगुणा पहाटे चारला उठू लागली. कंदील लावून भिंतीला टेकून वाचत बसायची.

"कशाला एवढं?" त्यानं अंथरुणातून विचारलं. "पास तर व्हतीयेस."

"पंचावन्न लई कमी दिसत्यात. लोक म्हनतील, नवऱ्यानं एवढं शिकवलं आन हिनं माती केली."

मानसशास्त्राचं पुस्तक दोघांत एकच होतं. त्या दिवसापासून ते तो पिशवीत घालून नेऊ लागला आणि दिवसभर वाचनालयात बसू लागला. तिनं एकदाही मागितलं नाही. वर्गात उतरवून घेतलेल्या टिपणांवर ती भागवत राहिली.

जूनमध्ये निकाल लागला. कानिफनाथला त्रेसष्ट, मांडले होते तेवढेच. चांगुणाला त्र्याहत्तर.

शाळा उघडली त्या दिवशी चेअरमननी मास्तर आणि गावातली मंडळी बोलावून चांगुणाचा सत्कार केला. पण पहिला हार त्यांनी कानिफनाथच्या गळ्यात घातला. "हे सगळं ह्याचं श्रेय," ते म्हणाले. मग चांगुणाला बोलायला सांगितलं.

ती उभी राहिली. "परीक्षेआधी ह्यांनी माझ्या गुणांचं गणित मांडलं. म्हनले, तुला पंचावन्नच पडतील. तसं म्हनले नसते तर मी एवढं वाचलं नसतं."

टाळ्या पडल्या. कुणीतरी कानिफनाथची पाठ थोपटली. "तुम्ही पण बोला दोन शब्द," चेअरमन म्हणाले.

तो उठला. हार मानेला टोचत होता.

"माझं गणितच कच्चं हाय," तो म्हणाला.

सगळे हसले. गणिताच्या माणसानं असं म्हणावं याची त्यांना मोठी गंमत वाटली. चांगुणा हसली नाही. ती त्याच्याकडं बघत राहिली.