बापाचा शब्द

“पोरींना विचारून सोयरिकी करायच्या, म्हणजे शेळ्यांना विचारून कुरण निवडायचं!” अबू मुतलकचं हे वाक्य करक गावातल्या निम्म्या बैठकींना पाठ होतं.

आज त्याच्याच बैठकीत मुलाकडची तीस वजनदार माणसं त्याच्या लेकीला, जुमानाला, मागणी घालायला आली होती. त्यांच्यातल्या थोरल्या शेख तर्रादांनी कॉफीचा पेला न पिता समोर ठेवला. होकार मिळाला की मगच प्यायची, ही रीत. असा पेला भरलेला राहिला, तर दोन घरं पुढे एकमेकांच्या मयतीलाही जात नाहीत.

“गार होतेय, अबू मुतलक,” शेख हसून म्हणाले. “द्या आता शब्द.”

“वेलदोडा कमी पडलाय वाटतं,” म्हणत तो उठला.

“अहो, अजून चाखलीय कुणी?”

पण तो आत पोचलाही होता. जुमाना चुलीपाशी उभी होती.

“मुलगा चांगला आहे गं,” तो हळूच म्हणाला.

“चांगला आहे, बाबा. पण मला नको.”

“नक्की?”

“नक्की.” तिचे डोळे भरून आले. “मी येऊन सांगू का त्यांना?”

“तू गप बस. पुरुषांच्या बैठकीत बायकांचं काय काम?”

बाहेर येऊन त्याने घसा खाकरला.

“शेखसाहेब, माफ करा, माझा नकार आहे. पोरीला तर विचारलंसुद्धा नाही, आमच्यात ती पद्धतच नाही. तेव्हा रागवायचं ते माझ्यावर रागवा.”