एका टोलाला एक चिंचोका

टण्. निःशब्द घरात, स्टीलच्या वाटीत चिंचोका पडला. अंगणापलीकडच्या जुन्या प्रेस्बिटेरियन चर्चची घंटा वाजली की माझी छोटी एस्तर फ्रॉकच्या ओच्यातला एक चिंचोका वाटीत टाकत होती.

माणूस गेलं की जितकी वर्षं तितके टोल, आणि शेवटच्या टोलाला पेटी उचलायची, ही आमच्या मंडळीची रीत. चाळीस वर्षं घंटेचा दोर बाबांच्याच हातात. किती जणांना त्यांनी असा निरोप दिला, टोल कधी चुकला नाही. आज पेटीत माझी आई होती.

एकसष्टाव्या टोलाला, आईचं वय पूर्ण झालं तसे, चौघे पेटीपाशी वाकले. घंटा पुन्हा वाजली. मग पुन्हा. चौघे अवघडून सरळ झाले.

"दादा मोजायला चुकला गं," आत्या कुजबुजली. "जाऊन सांगू का त्याला?"

"चुकले नाहीत ते," मी म्हणाले. "राहू दे तिला अजून थोडा वेळ."

सत्तर टोल कधीच उलटले. एस्तरचा ओचा रिकामा झाला. तिने हनुवटी धरून माझं तोंड आपल्याकडे वळवलं.

"आई, माझे चिंचोके संपले. आजोबांची घंटा का नाही संपत?"