मृत्युपत्राचा प्रश्न

"शेवटचं उत्तर तर हातांनीच लिहिलं, मी नुसती बघत होते!" टोरूननं रानतांदळाच्या सूपचा वाडगा पुढे ओढला.

डेल्बर्ट खो खो हसला. मिनेसोटातली वकिलीच्या सनदेची ही परीक्षा तो पाचव्यांदा देत होता, टोरून तिसऱ्यांदा. दोघांची ओळख परीक्षेच्या हॉलपुरती आणि समोरच्या या खाणावळीपुरतीच. "मला परीक्षेला बसता येतं, उठताच येत नाही!"

पहिला दिवस संपला होता. सकाळी दोन फायलींवरून मसुदे, दुपारी सहा लेखी प्रश्न. उद्या पर्यायांचे दोनशे: करार, मालमत्ता, फौजदारी, पुरावा, सगळी मिसळ. टोरूनचं घोडं मात्र दर खेपेला मृत्युपत्रावर अडायचं. थोरली बहीण मारेन बुडून गेल्यावर वारशानं मिळालेल्या तळ्याकाठच्या घरात बसून ती घोकंपट्टी करी; पण त्या विषयाची पानं उघडली की ऐन जुलैत हुडहुडी भरे. यंदा आपटली, तर सरकारी वकिलाच्या कचेरीतली तिची राखलेली जागा दुसऱ्याला जाणार होती.

"आज नेमकं मृत्युपत्रच आलं," ती म्हणाली, "आणि धबधब्यासारखं सुचत गेलं."

"कुठाय मृत्युपत्र?"

"शेवटचा प्रश्न रे! दोघी बहिणी, होडी उलटते, थोरली बुडते. धाकटीला वारसा मिळेल का?"

"शेवटचा कंपनीच्या संचालकांचा होता." डेल्बर्टनं मागच्या टेबलावरच्या चार परीक्षार्थींकडे वळून विचारलं. चौघांनीही माना डोलावल्या. संचालकच.

टोरूनचा चमचा वाडग्यातच राहिला. "थट्टा पुरे हं, म्हाताऱ्या."

"देवाशपथ! बरं, लिहिलंस तरी काय?"

"मारणाऱ्याला मेलेल्याची इस्टेट मिळत नाही, हा नियम," ती घोकल्यासारखं बोलू लागली. "थोरलीनं होडीची कड धरली होती. धाकटीनं तिच्या बोटांवर वल्हं मारलं. कड सुटेपर्यंत मारलं. सबब, वारसा नाही."

"वा! पैकीच्या पैकी." डेल्बर्टनं पावाचा तुकडा सूपमध्ये बुडवला. "पण ते वल्ह्याचं प्रश्नात दिलं होतं ना?"

टोरूननं वाडगा दूर सारला. उत्तरं केव्हाच परीक्षा मंडळाकडे पोचली होती.

तिच्यापुढे आलेल्या प्रश्नात फक्त होडी उलटली होती.